जॉ प्लेट लवकर झिजते? धातू बदलण्याआधी जुनी प्लेट नीट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याजवळच्या खाणीवर ३० बाय २० इंची तोंडाचा जॉ क्रशर (एक स्थिर आणि एक हलती अशा दोन दातेरी जॉ प्लेटांमध्ये दगड चिरडणारं यंत्र), दगड काळा पाषाण. मँगनीजच्या प्लेटा दीड महिन्यात तळाला सपाट होतात, मधूनच एखादी तडकते. पुरवठादार म्हणतो जास्त क्रोमवाली घ्या, वेल्डर म्हणतो दातांवर कडक थर चढवून देतो, आणि तुम्ही स्वतःच पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) करून कोल्हापूरला प्लेटा ओतून घ्यायच्या विचारात आहात. म्हणून विचारताय की सर्वांत टणक धातू कोणता आणि दात कसे ठेवायचे.

मी फाउंड्रीतही राहिलोय आणि क्रशरवरही, त्यामुळे दोन्हीकडून बोलतो. टणकपणाच्या मागे लागलात तर पैसे जातील आणि प्लेट तुटेल. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे: दगड प्लेटवर दाबला जातोय की घसरतोय? दाबला जात असेल तर मँगनीजसारखा धातू नाही. घसरत असेल तर जगातली कुठलीही जॉ प्लेट तुम्हाला महागच पडणार, आणि तेव्हा धातू बदलण्यापेक्षा घसरण थांबवणं स्वस्त असतं. दीड महिना कमी की ठीक, हे मात्र मी इथून सांगू शकत नाही. दिवसाला किती तास चालवता, किती ब्रास काढता, तळाची फट (जिथून फुटलेला माल बाहेर पडतो) किती ठेवता आणि खाणीतून नेमकं काय येतं, यावर ते ठरतं.

दगडापासून सुरुवात करू. 'काळा पाषाण' एवढ्या माहितीवर प्लेट ठरवता येत नाही. आपल्याकडे एकाच डोंगरात लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. भरीव, हातोडी मारली की खणखणीत वाजणारा काळवत्री वेगळा आणि पोकळ्या भरून आलेला मांजऱ्या वेगळा. मांजऱ्याच्या पोकळ्यांत कधी मऊ झिओलाइट असतं, कधी चक्क गारगोटी. दोन थरांच्या मध्ये लाल मातकट पट्टा लागतो, तो पावसाळ्यात चिखल होऊन दगडाबरोबर हॉपरमध्ये येतो. प्रयोगशाळेच्या रिपोर्टात सिलिका ४८-५० टक्के दिसली की बरेच जण घाबरतात. पण बेसॉल्टमधली ती सिलिका बहुतेक फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांत बांधलेली असते. प्लेटला सगळ्यात जास्त खरवडतं ते मोकळं क्वार्ट्झ, आणि भरीव बेसॉल्टमध्ये ते फारच थोडं असतं. तेव्हा रिपोर्ट मागवायचाच असेल तर एकूण सिलिका नको, मोकळं क्वार्ट्झ किती ते विचारा. पूर्व विदर्भात ग्रॅनाइट, नाइस किंवा क्वार्टझाइट फोडणाऱ्याला हीच प्लेट निम्मीशिम्मी टिकली तर त्यात नवल नाही. त्याच्या अनुभवावरून तुमची प्लेट निवडू नका, आणि तुमच्या अनुभवावरून त्याने निवडू नये.

भरीव बेसॉल्टचा त्रास वेगळा आहे. तो खरवडतो कमी, पण फुटायला जोर फार मागतो. घट्ट बेसॉल्टची दाबशक्ती १५० ते २५० मेगापास्कल सहज भरते, कधी त्याहून जास्त. म्हणजे प्लेटवर येणारा भार मोठा, धक्के मोठे. आणि नेमक्या याच कामासाठी मँगनीज पोलाद बनलंय.

हा धातू इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधला. साधारण १.०५ ते १.३५ टक्के कार्बन, ११ ते १४ टक्के मँगनीज. आपल्याकडे आयएस २७६ या मानकात त्याच्या ग्रेड दिल्यात. त्याची गंमत अशी की नवी प्लेट टणक नसतेच. ब्रिनेल या टणकपणाच्या मापावर जेमतेम २०० च्या आसपास, म्हणजे बऱ्याच साध्या कडक पोलादांपेक्षाही मऊ. दगडाने जोरात दाबलं की पृष्ठभागाचा काही मिलिमीटरचा थर ४५० ते ५५० पर्यंत कडक होतो आणि आतला गाभा चिवटच राहतो. वरचा थर झिजला की खालचा दाब खाऊन कडक होतो. चिवटपणा आणि टणकपणा एकाच तुकड्यात मिळतो तो असा. पण यात अट आहे: दाब हवा. मुरूम, माती, बारीक कच प्लेटवरून नुसती घासत खाली गेली तर कडक थर तयार होण्याआधीच खरवडून निघतो. मग तुमच्या यंत्रात मँगनीजच्या भावाने घेतलेलं मऊ लोखंड झिजत असतं.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. विकर्स या टणकपणाच्या दुसऱ्या मापावर क्वार्ट्झ १,००० च्या पुढे, पूर्ण कडक झालेलं मँगनीज पोलाद ५०० ते ५५०. म्हणजे क्वार्ट्झसमोर मँगनीज जिंकत नाही, दाब मिळाला तर फक्त कमी हरतं. हाय क्रोम बीड म्हणजे भरपूर क्रोम घातलेलं ओतीव लोखंड; त्यातले क्रोमियम कार्बाइडचे (क्रोम आणि कार्बन मिळून झालेले कडक) कण १,२०० च्या वर जातात, ते मात्र क्वार्ट्झला पुरून उरतात. तुमचा पुरवठादार याच आधारावर बोलतोय आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. तो जे सांगत नाही ते असं की हे बीड ठिसूळ असतं. जॉच्या तोंडात अर्धा टन डबर वरून आदळतो, मध्येच पोकलेनच्या बकेटचा दात येतो, ब्रेकरचं तुटलेलं टोक येतं. मँगनीज ते खड्डा पडून सोसतं, हाय क्रोम तुकडे होऊन खाली पडतं, आणि ते तुकडे पुढच्या कोन क्रशरमध्ये (जॉमधून आलेला माल आणखी बारीक करणारं यंत्र) गेले तर तिथलाही खर्च तुमचाच. हाय क्रोमची जागा व्हीएसआयमध्ये (फिरत्या रोटरने दगड फेकून फोडणारं यंत्र) आणि चुनखडीवरच्या इम्पॅक्टरच्या ब्लो बारमध्ये (दगडाला फटका मारणारी पट्टी), जिथे आत येणारा माल लहान आणि लोखंडमुक्त असतो. जॉमध्ये नाही.

पण 'जास्त क्रोमवाली' म्हणजे त्याला कदाचित बीड म्हणायचं नसेल. १८ टक्के मँगनीज, २ टक्के क्रोम अशी मँगनीज पोलादाचीच एक जात मिळते. तिचा विचार करण्यासारखा आहे, फक्त ती कशासाठी ते कळलं पाहिजे. क्रोममुळे धातू पहिल्यापासून थोडा जास्त भार सोसतो, कमी पसरतो. जास्त मँगनीजमुळे जाड कास्टिंगमध्येही कार्बन विरघळलेला राहायला मदत होते. त्या बदल्यात क्रोम कार्बाइड धरून ठेवतं आणि उष्णता-प्रक्रिया (ओतलेली प्लेट तापवून पाण्यात बुडवणं) जरा जरी ढिली झाली तरी प्लेट ठिसूळ होते. शिस्तीच्या फाउंड्रीतून ही ग्रेड घ्या. शिस्त नसलेल्या फाउंड्रीतून साधी १२-१४ ची घेतलेली बरी.

आता जुनी प्लेट. ती भंगारात द्यायच्या आधी धुऊन, उन्हात आडवी टाकून बघा. झीज कशी झाली ते तिथे लिहिलेलं असतं.

पृष्ठभागावर वरून खाली लांब सरळ ओरखडे असतील तर दगड घसरतोय. छोटे छोटे खड्डे, कुटल्यासारखी चमक आणि कडेला धातू बाहेर दबलेला दिसला तर दगड दाबला जातोय, मँगनीज त्याचं काम करतंय. तळाचा एक तृतीयांश भाग सपाट आणि वरचे दात जवळपास नवे, असं असेल तर फोडण्याचं सगळं काम तळाच्या चिंचोळ्या भागात चाललंय. एकच बाजू जास्त झिजली असेल तर फीडर माल एका अंगाला टाकतोय, त्याला धातूचा इलाज नाही, पत्र्याचा आडोसा लावून माल मधोमध आणायचा. आणि प्लेट उलटून पाठ बघायला विसरू नका. पाठीवर कुठे चकाकी आणि कुठे गंज असेल तर प्लेट पूर्ण टेकत नव्हती, अधांतरी भागावर वाकत होती. तुमची मधूनच तडकणारी प्लेट बहुधा तिथूनच तडकते. तडकलेल्या प्लेटचा दोष लोक लगेच धातूवर टाकतात. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त वेळा पाठीला टेकू नसणं किंवा वेजचे (प्लेट जागी आवळणाऱ्या पाचरींचे) बोल्ट ढिले असणं हेच कारण निघतं. नवी प्लेट बसवली की पहिले काही तास चालवून बोल्ट पुन्हा आवळायचे, हे शेडच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं आहे.

तुम्ही लिहिलंय की झीज तळाला होते, म्हणून तिथे जरा थांबतो.

तळ झिजण्याची तीन कारणं सहसा एकत्र असतात. पहिलं म्हणजे बारीक माल. फीडरवर ग्रिझलीच्या पट्ट्या (बारीक माल जॉच्या आधीच गाळून काढणाऱ्या) नसतील, किंवा त्यांच्या फटी चिखलाने बुजल्या असतील, तर जो माल आधीच तयार मापाचा आहे तोही जॉमधून जातो. तो फुटायला नकोच असतो, नुसता तळाशी गर्दी करतो, ठासून बसतो, आणि ओला असेल तर लाद्याच करतो. दुसरं, फट नको इतकी आवळलेली. पुढे कोन क्रशर आहे तरी जॉकडूनच बारीक काढायचा हट्ट असतो. फट कमी केली की दोन प्लेटांमधला कोन वाढतो. दगड आणि लोखंडाचं घर्षण ०.२ धरलं तर हिशेबाने साधारण २२-२३ अंशांपलीकडे दगड पकडला न जाता वर सरकायला लागतो. दात आणि दगडाचा खडबडीतपणा यामुळे प्रत्यक्षात थोडं पुढे जाता येतं, २६ अंशांपर्यंत यंत्रं चालतात. पण वरच्या भागात डबर नाचताना दिसला की समजायचं, पकड सुटलीय आणि प्रत्येक उडीबरोबर प्लेट खरवडली जातेय. तिसरं, जॉ अर्धवट भरून चालवणं. तोंड रिकामं ठेवून एकेक दगड सोडला की तो थेट खाली जाऊन तळाशीच फुटतो. सतत भरलेल्या जॉमध्ये दगडावर दगड फुटतो आणि झीज वरपर्यंत वाटली जाते. भरायचा म्हणजे बारीक मालाने नव्हे, आणि २० इंची तोंडात १६-१७ इंचांपेक्षा मोठा डबर टाकूनही नव्हे. मोठा डबर तोंडात अडकतो, मग वरून बकेटने ठोकतात, आणि प्लेटच्या वरच्या कडेचे तुकडे उडतात.

या तिन्ही गोष्टी सुधारायला नवी प्लेट लागत नाही. तरी स्वतःची प्लेट ओतून घ्यायचीच असेल तर आकाराबद्दल सांगतो.

दातांचं तत्त्व जात्यासारखं आहे. टाकी लावलेल्या जात्यात खाचा दाणा धरतातही आणि पीठ बाहेर जायला वाटही देतात. टाकी बुजली की जातं नुसतं घासतं. जॉमध्ये एका प्लेटचा दात दुसरीच्या खाचेसमोर हवा, म्हणजे दगड दोन दातांच्या मध्ये वाकून फुटतो. तशा फुटण्याला सरळ चिरडण्यापेक्षा जोर कमी लागतो. टोकदार अरुंद दात पहिल्या दिवशी झकास फोडतात आणि फार लवकर गोल होतात, कारण टोकाला धातूच कमी असतो. रुंद डोक्याचे दात जास्त टिकतात, पण जोर जास्त मागतात, टॉगलवर (हलत्या जॉला मागून रेटणारी पट्टी) आणि बेअरिंगवर भार वाढवतात. भरीव बेसॉल्टला मी मध्यम रुंद, चापट डोक्याचा, कडा गोलावलेला दात ठेवेन. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचं अंतर तळाच्या फटीपेक्षा फार मोठं नको, नाहीतर चपट्या लाद्या खाचेतून सुटून खाली जातात आणि कोनवाला ओरडतो. खाच पुरेशी खोल ठेवा, तळाशी तर नक्कीच. बारीक मालाला तिथूनच वाट असते.

प्लेटचा खालचा भाग थोडा फुगीर, बाहेर वळता ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे तळाशी दोन प्लेटा थोडा पल्ला जवळपास समांतर येतात, माल ठासत नाही, आणि सगळा भार शेवटच्या दोन बोटांवर पडायचा तो पल्लाभर वाटला जातो. तुमच्या झिजलेल्या प्लेटचा आकार पुठ्ठ्यावर काढून घ्या. यंत्राने स्वतः कुठे धातू खाल्ला आणि कुठे ठेवला हे त्यात दिसतं. नव्या आकाराचा कच्चा आराखडा मी त्यावरूनच करतो. जिथे धातू न वापरता भंगारात गेला तिथून काढायचा, जिथे कमी पडला तिथे घालायचा.

पण घालायचा म्हणजे नुसती जाडी वाढवत जायचं नाही. जाडीने तोंड लहान होतं, वजन वाढतं, कोन बदलतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे साधारण १०० मिलिमीटरपलीकडे गाभा पाण्यात पुरेसा लवकर थंड होत नाही. मध्ये कार्बाइड राहतात आणि प्लेट आतून ठिसूळ होते. जाड प्लेट हवी असेल तर पाठीमागून पोकळ कप्पे ठेवून भिंती पातळ ठेवता येतात, मात्र टेकणाऱ्या पट्ट्या भरपूर आणि एका पातळीत हव्यात.

प्लेट वरखाली सारखी ठेवा, म्हणजे उलटून लावता येईल. आणि उलटायची वेळ लवकर धरा. तळाचे दात एक तृतीयांश झिजले की उलटवा, सपाट व्हायची वाट बघू नका. सपाट झालेली बाजू वर गेली की तिथे पकड राहत नाही, दगड सरकतो आणि नवी बाजू दुप्पट वेगाने जाते.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. मँगनीज दाबाने पसरतं. दोन प्लेटा किंवा प्लेट आणि बाजूची चीक प्लेट एकमेकांना घट्ट भिडवून ठेवल्या तर पसरायला जागा उरत नाही, प्लेट मधोमध फुगते, बोल्ट तुटतात. काही मिलिमीटर जागा सोडा. कडेला फुगवटा आला तर ग्राइंडरने उतरवा. गॅस कटर लावू नका, का ते वेल्डिंगच्या वेळी येतंच.

फाउंड्रीकडे वळू. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगावचा परिसर ओतकामात नावाजलेला आहे, पण तिथलं बहुतेक काम बिडाचं आणि एसजी आयर्नचं (चिवट प्रकारच्या बिडाचं). मँगनीज पोलाद हे वेगळं काम आहे आणि फाउंड्री निवडताना दोन-चार प्रश्नांत कळतं की समोरच्याला ते येतं का. भट्टीचं अस्तर कोणतं, हे आधी विचारा. मँगनीजचा ऑक्साइड सिलिकाचं अस्तर खातो, म्हणून मॅग्नेशियासारखं बेसिक अस्तर लागतं. साच्याच्या तोंडाला कोणती वाळू, हा दुसरा प्रश्न. साधी सिलिका वाळू चिकटून पृष्ठभाग खराब करते. ऑलिव्हिन किंवा क्रोमाइट म्हणाले तर माणूस जाणता आहे. रस किती तापवून ओतता, हे विचारा. गरजेपेक्षा गरम ओतलेल्या मँगनीजचा दाणा मोठा होतो आणि तो तडकायला सोपा. फॉस्फरस किती येतो आणि तो कसा धरता, हेही विचारा. तो बऱ्याच अंशी फेरोमँगनीजमधून येतो. ०.०५-०.०६ टक्क्यांच्या खाली ठेवणारी फाउंड्री मला चालते. (भंडारा-नागपूर पट्ट्यात, डोंगरी बुजुर्गसारख्या खाणींत, आपल्याकडे मँगनीजचं खनिज निघतं. तरी खेड्यापाड्यातल्या क्रशरवाल्याला मँगनीज म्हणजे फक्त प्लेटचं नाव वाटतं, याची मला नेहमी मजा वाटते.)

पॅटर्न तुम्ही करणार असाल तर आकसण्याचं माप सांभाळा. बिडाच्या पॅटर्नला साधारण एक टक्का धरायची सवय असते. मँगनीज पोलाद फुटाला ५/१६ इंच, म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर आकसतं. बिडाच्या सवयीने केलेला पॅटर्न वापरला तर ३० इंचांत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो आणि प्लेट बसतच नाही. नंतर भोक पाडू, मशीनवर घेऊ, हा विचार सोडून द्या. ड्रिल लागलं की तीच जागा कडक होते. भोकं ओततानाच ठेवायची, पाठ ग्राइंड करून सपाट करायची.

मग उष्णता-प्रक्रिया. कास्टिंग हळूहळू तापवून १,०५० अंशांच्या आसपास नेतात, कार्बाइड विरघळेपर्यंत धरतात, आणि भट्टीतून काढून काही सेकंदांत हलत्या पाण्यात बुडवतात. हळूहळू यासाठी की हा धातू उष्णता लवकर वाहून नेत नाही आणि फुगतो मात्र साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट. घाईत तापवला की तापतानाच तडा जातो. क्रेन रेंगाळली, पाणी कोमट झालं, एका भट्टीत जास्त प्लेटा कोंबल्या, तर रसायन कितीही बरोबर असलं तरी प्लेट ठिसूळ. दोन फाउंड्रींच्या भावात किलोमागे जो फरक दिसतो तो बऱ्याचदा इथेच वाचवलेला असतो.

प्लेट हातात आल्यावर काय बघायचं? चुंबक न्या. नीट प्रक्रिया झालेल्या मँगनीज पोलादाला चुंबक चिकटत नाही. वरच्या सालीला किंचित ओढ जाणवली तर कोपरा थोडा ग्राइंड करून परत लावा, कारण भट्टीत सालीतला कार्बन जळून तेवढा थर चुंबकीय होऊ शकतो. आत ओढ असेल तर परत पाठवा. हातातल्या टणकपणा-मापकावर नवी प्लेट १८० ते २३० ब्रिनेल दाखवायला हवी. साध्या ग्रेडच्या नव्या प्लेटवर ३०० आलं तर खूश होऊ नका. कार्बाइड विरघळलेले नसल्याची ती खूण आहे.

आता तुमच्या वेल्डरबद्दल. मँगनीज पोलाद ३०० अंशांच्या आसपास किंवा वर काही वेळ राहिलं की विरघळलेला कार्बन पुन्हा कार्बाइड होऊन दाण्यांच्या सीमांवर बसतो आणि ती जागा ठिसूळ होते. आधी तापवून मग वेल्डिंग, ही साध्या कडक पोलादाची रीत इथे उलटी पडते. गॅस कटर नको म्हटलं तेही यासाठीच. झिजलेला दात भरायचाच असेल तर ऑस्टेनिटिक मँगनीजच्या (म्हणजे याच जातीच्या पोलादाच्या) रॉडने, छोट्या सरळ ओळींत, जागा बदलत, दोन ओळींच्या मध्ये थांबून, हात लावता येईल इतकं थंड ठेवत भरावं लागतं. प्लेटचा बराच भाग पाण्यात ठेवून करणारेही आहेत, ते चुकीचं नाही. क्रोम कार्बाइडचा कडक थर मात्र मी जॉच्या दातांवर चढवत नाही. त्याला भेगा पडतात, ते त्याच्या स्वभावातच आहे, आणि डबराच्या धक्क्याने त्याचे पापुद्रे उडतात. वेल्डर मजुरी घेऊन गेलेला असतो.

तोच थर च्यूटमध्ये, हॉपरच्या उतारावर, डस्टच्या वाटेवर उत्तम चालतो, कारण तिथे धक्का कमी आणि घासणं जास्त. तिथेही मी आधी वेगळं करून बघतो: माल जिथे पडतो तिथे छोटी पट्टी लावून खडीच साचू द्यायची, म्हणजे येणारा दगड साचलेल्या दगडावर आदळतो आणि पत्रा वाचतो. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेल्या बारमॅक व्हीएसआयचा रोटर याच कल्पनेवर चालतो. आत दगडाचा थर साचतो, माल त्यावरूनच बाहेर फेकला जातो, आणि धातू लागतो तो मुख्यतः कडेच्या टंगस्टन कार्बाइड टोकांपुरता. क्रश सँडसाठी पुढेमागे व्हीएसआय घेतलात तर काळ्या दगडाला दगडावर दगड आपटणारा प्रकार घ्या. उत्पादन आणि बारीक मालाचं प्रमाण बघून तो दर वेळी जमेलच असं नाही, पण बघा तरी.

पैशाचा हिशेब दिवसांत करू नका, ब्रासमागे करा. समजा साधी जोडी ९०,००० रुपयांची आणि तिच्यावर ६,००० ब्रास निघाली, तर ब्रासला १५ रुपये. दुसरी १,२०,००० ची आणि ७,००० ब्रास निघाली, तर १७ रुपयांच्या वर. दुसरी जास्त टिकली, तरी महाग पडली. प्लेट बदलायला यंत्र किती तास बंद राहतं ते यात धरा, तेव्हा चित्र कधी उलटंही होतं. दुसरा आकडा वजनाचा: नवी प्लेट ३०० किलोची आणि भंगारात २१५ ची गेली तर विकत घेतलेल्या धातूपैकी तुम्ही ८५ किलोच वापरलात. मला विचाराल तर नव्या ग्रेडने तुमचा जेवढा फायदा होईल त्याहून जास्त हा आकडा सुधारण्यात आहे.

तुमच्या जागी मी असतो तर आधी ग्रिझली मोकळी आणि चालू ठेवली असती, जॉची फट जरा सैल करून बारीक काम कोन क्रशरवर ढकललं असतं, आताच्याच प्लेटा एक तृतीयांशावर उलटवल्या असत्या आणि त्यांच्या पाठी टेकतात का ते बघितलं असतं. एवढं करून एक जोडी संपू द्या, ब्रास मोजा. मग पॅटर्नचा खर्च करायचा की नाही ते ठरेल. करायचा ठरला तर फाउंड्रीकडून एकच जोडी घ्या, घाऊक भाव कितीही चांगला मिळाला तरी. आणि तुलना करताना नवी प्लेट स्थिर बाजूला आणि जुनी हलत्या बाजूला लावून कोण आधी संपतं हे बघू नका. दोन्ही बाजूंची झीज मुळातच वेगळी असते. स्थिर बाजूची तुलना स्थिर बाजूशीच करा, आणि तीही एकाच ऋतूतली, कारण मे महिन्यातली कोरडी खडी आणि जुलैतला चिखलाचा माल यांत प्लेटला फार फरक पडतो. फोटो टाकणार असाल तर प्लेटच्या पाठीचा, तळाच्या दातांचा जवळून आणि फीडरवरच्या मालाचा असे तीन टाका, मग कोनाबद्दल आणि दातांच्या मापाबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.